ओटीवरचा संगणक, माजघरातला लॅपटॉप

गणेशचतुर्थीला चाकरमानी गावी आले की कोकणातल्या घरात माणसांबरोबर उपकरणांचीही गर्दी होते. मुंबईहून आलेल्या पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये आरतीचे चित्रीकरण असते, तर ओटीवरच्या जुन्या संगणकात आंब्याच्या बागेचे हिशोब, स्कॅन केलेले सातबारे आणि आजोबांच्या काळातली छायाचित्रे असतात. यातली एखादी फाइल दुसऱ्या खोलीत हवी असेल, तर ती बहुधा व्हॉट्सॲपने किंवा ईमेलने पाठवली जाते. म्हणजे दहा पावलांवर पोहोचण्यासाठी ती आधी दूरच्या कुठल्यातरी डेटा सेंटरपर्यंत जाते आणि तिथून परत येते. व्हॉट्सॲप छायाचित्रे आकुंचित करून पाठवते, त्यामुळे मूळ चित्रातला बराचसा तपशील या फेरीतच गळून पडतो. ४ गिगाबाइटची चित्रफीत म्हणजे सुमारे ३२,००० मेगाबिट. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने ती वर चढवायला साधारण ५३ मिनिटे लागतात आणि पलीकडे उतरवून घेण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. तीच चित्रफीत घरातल्या गिगाबिट केबलमधून गेली, तर सैद्धांतिक हिशोबाने ३२ सेकंद पुरतात. एका संगणकातले फोल्डर घरातल्या दुसऱ्या संगणकांना असे थेट खुले करणे, म्हणजे शेअरिंग, त्याविषयी हे लिहितो आहे.

घरातले जाळे इंटरनेटवर अवलंबून नसते, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. पावसाळ्यात झाड पडून फायबर तुटली आणि इंटरनेट बंद झाले, तरी राउटरला, म्हणजे घरातली उपकरणे एकमेकांशी आणि इंटरनेटशी जोडणाऱ्या पेटीला, वीज मिळते आहे तोवर त्याला जोडलेली उपकरणे एकमेकांशी बोलू शकतात. राउटर प्रत्येकाला एक पत्ता देतो आणि तो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हे पत्ते १९९६ साली ठरलेल्या मानकानुसार खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून मालवणच्या घरातला एक संगणक आणि अलिबागच्या घरातला दुसरा यांचा पत्ता अगदी एकच असला, तरी काही बिघडत नाही. हा पत्ता राउटर अधूनमधून बदलू शकतो, त्यामुळे ज्या संगणकावर सर्वांच्या फायली ठेवायच्या, त्याच्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये एक पत्ता कायमचा राखून ठेवणे सोयीचे पडते.

या पत्त्यांवरून फायलींची देवाणघेवाण करण्याची जी भाषा विंडोज वापरते, तिचे नाव सर्व्हर मेसेज ब्लॉक, म्हणजेच एसएमबी. ती मुळात आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात घडवली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२च्या सुमारास तारेवरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून ती भाषा उलगडली आणि युनिक्स संगणकांना शिकवली. त्यातून सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले, आणि लिनक्स संगणक आजही त्याच्याच आधारे विंडोजशी फायली वाटून घेतात. २०१३ पासून ॲपलच्या मॅक संगणकांनीही हीच भाषा प्रमुख मानली. २०१९ पासून आयफोनमधल्या फाइल्स ॲपला ती येते आणि अँड्रॉइडवरच्या कित्येक फाइल मॅनेजरनाही येते. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच घरात नांदू शकतात, त्यामागे या उलगडण्याचा वाटा फार मोठा आहे.

माजघरातल्या लॅपटॉपवरून ओटीवरच्या संगणकातले फोल्डर उघडताना प्रत्यक्ष घडते ते असे. दोन्ही यंत्रे प्रथम एसएमबीची कोणती आवृत्ती वापरायची ते ठरवतात. मग मागणारा स्वतःची ओळख पटवतो. त्यानंतर कोणते फोल्डर हवे ते सांगतो. आणि शेवटी त्यातली एखादी फाइल उघडण्याची, वाचण्याची किंवा बदलण्याची परवानगी मागतो. यातला प्रत्येक टप्पा वेगळा असल्याने बिघाडही वेगवेगळ्या जागी होतो. उदाहरणार्थ, ‘नेटवर्क’ या चिन्हावर क्लिक केल्यावर दुसरा संगणक दिसला नाही, की शेअरिंगच झाले नाही असे समजून लोक सगळी सेटिंग पुन्हा उलटसुलट करतात. संगणक ‘दिसणे’ हे शोध घेणाऱ्या एका स्वतंत्र यंत्रणेचे काम आहे. तो दिसत नसला, तरी फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, त्यापुढे संगणकाचे नाव, पुन्हा एक उलटी तिरकी रेघ आणि फोल्डरचे नाव टंकले, तर ते फोल्डर बहुतेकदा उघडते.

ओळख पटवण्याच्या टप्प्यावर बहुतेक घरांचे घोडे अडते आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. घरच्या संगणकावर पासवर्ड कशाला, म्हणून तो रिकामा ठेवलेला असतो. परंतु पासवर्ड नसलेल्या खात्याला फक्त त्या यंत्रासमोर बसूनच प्रवेश मिळावा, जाळ्यावरून मिळू नये, असा विंडोजचा मूळ नियम आहे. दुसरे कारण पिनचे. संगणक सुरू करताना आपण जो चार-सहा आकडी पिन देतो, तो त्याच एका यंत्रापुरता असतो आणि जाळ्यावर त्याचा काही उपयोग नसतो. तिथे त्या खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो, जो रोज पिन वापरणारा माणूस केव्हाच विसरलेला असतो. पासवर्ड दिला तरी तो जसाच्या तसा तारेवरून जात नाही. फायली असलेला संगणक एक यादृच्छिक आकडा पाठवतो, मागणारा संगणक त्या आकड्यावर पासवर्डच्या साहाय्याने एक गणित करून उत्तर परत धाडतो, आणि पहिला तेच गणित स्वतःकडे करून दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहतो. मध्येच कोणी संदेश ऐकला, तरी त्याच्या हाती पासवर्ड लागत नाही. मात्र ऐकलेल्या उत्तराशी जुळेपर्यंत लाखो शब्द चालवून पाहता येतात, म्हणून पासवर्ड लांब असावा आणि तो गावाचे किंवा कुलदैवताचे नाव नसावा.

माझा आग्रह असा, की शेअरिंगसाठी ओटीवरच्या संगणकावर एक वेगळे साधे खाते उघडावे. त्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत, नीट पासवर्ड द्यावा आणि घरच्यांना तोच सांगावा. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून सर्वांना मोकळे सोडण्याचा सल्ला सहज मिळतो आणि त्याने काम चटकन होते, हे खरे. पण मग त्या जाळ्यात शिरणारे कोणतेही उपकरण घरचेच मानले जाते. विंडोजच्या कित्येक अलीकडच्या आवृत्त्या अशी ओळख न विचारणारी जोडणी मुळातच नाकारतात, आणि ते योग्यच आहे.

ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीच्या डिस्कवरील फोल्डरला परवानग्यांचे दोन संच असतात: एक शेअरचा, म्हणजे जाळ्यावरून येणाऱ्यांसाठीचा, आणि दुसरा खुद्द फोल्डरचा. पाहुण्याला ओटीचे दार आणि माजघराचे दार अशी दोन दारे ओलांडावी लागतात, तर घरातल्या माणसाला फक्त आतलेच दार असते, तशी ही रचना आहे. जाळ्यावरून येणाऱ्याला दोन्ही संच लागू होतात आणि त्यांपैकी जो अधिक कडक असेल तोच चालतो. त्याच संगणकासमोर बसलेल्याला केवळ दुसरा. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून शेअर केलेल्या फोल्डरला सुरुवातीला सर्वांसाठी फक्त वाचण्याचीच परवानगी असते, म्हणून आत पूर्ण अधिकार दिलेले असूनही दुसऱ्या खोलीतून फाइल जतन होत नाही, आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ का येते ते कोणाला कळत नाही. या परवानग्या खात्याच्या नावाला बांधलेल्या नसतात, तर विंडोजने त्या खात्याला दिलेल्या एका दीर्घ ओळख क्रमांकाला बांधलेल्या असतात. म्हणून खाते पुसून त्याच नावाने नवे उघडले, तर जुन्या परवानग्या त्याला लागू होत नाहीत आणि त्या नव्याने द्याव्या लागतात. बागेच्या हिशोबाच्या फोल्डरला लिहिण्याची परवानगी आणि जुन्या छायाचित्रांच्या फोल्डरला फक्त वाचण्याची, अशी विभागणी मला सर्वांत समंजस वाटते. संपूर्ण डिस्क कधीही शेअर करू नये.

विंडोज प्रत्येक जाळ्याला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ मानते. पब्लिक असेल तर फायरवॉल, म्हणजे संगणकाचा पहारेकरी प्रोग्रॅम, बाहेरून येणाऱ्या मागण्या अडवते. घरच्या जाळ्याला प्रायव्हेट ठरवणे म्हणूनच आवश्यक असते, आणि एसटी स्टँडवरच्या किंवा हॉटेलातल्या वाय-फायला तसे ठरवणे धोक्याचे असते. गुहागर, दापोली, मालवण या भागांत घरालाच जोडून होमस्टे चालवणारी अनेक कुटुंबे आहेत. त्यांनी पाहुण्यांना घरच्या वाय-फायचा पासवर्ड न देता राउटरमधले स्वतंत्र ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करून द्यावे. पाहुण्यांना इंटरनेट मिळते आणि हिशोबाचा संगणक त्यांच्या जाळ्याबाहेर राहतो.

एसएमबी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकात शिरण्याच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालते, आणि हे पोर्ट राउटरमधून इंटरनेटला उघडे करणे मी कोणालाही सुचवणार नाही. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या अंमलबजावणीत एक गंभीर त्रुटी होती. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये तिची दुरुस्ती दिली, पण ती असंख्य संगणकांवर बसवलीच गेली नाही, आणि १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने तिचा फायदा घेऊन जगभरातल्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. पुढच्याच महिन्यात, २७ जून रोजी, नॉटपेट्या आली. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून ती सुटली, आणि पसरताना तिने तीच त्रुटी तसेच संगणकांतून चोरलेले पासवर्ड वापरले. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा कोलमडल्या, आणि तिच्या समूहाकडून चालवले जाणारे उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातले टर्मिनलही तिच्या तडाख्यात सापडले. फायली वाटून घेण्याच्या साध्या सोयीतली चूक आपल्याच किनाऱ्यावर कंटेनर खोळंबवू शकते, हे तेव्हा दिसले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये पहिली आवृत्ती आपोआप मिळत नाही. एखादा जुना टीव्ही बॉक्स किंवा जुनी नेटवर्क डिस्क चालावी म्हणून ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. त्या उपकरणासाठी पेन ड्राइव्ह वापरलेला बरा.

वेगाचा प्रश्न कोकणात भिंतींपाशी येऊन थांबतो. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या भिंती जाड असतात, आणि तो दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओलावा धरतो. पाणी वाय-फायच्या लहरी शोषते. वाय-फायच्या दोन नेहमीच्या लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झची वेगवान असली, तरी भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर क्षीण होते. शिवाय दोन्ही संगणक वाय-फायवर असतील, तर माहितीचा प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो: एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. फायली असलेला संगणक केबलने राउटरला जोडला, की यातली एक फेरी वाचते. राउटर बदलण्याआधी हा उपाय करून पाहावा.

तो संगणक झोपी गेला तर फोल्डर नाहीसे होते, म्हणून त्याची ‘स्लीप’ची वेळ वाढवावी, आणि तो यूपीएसवर ठेवावा. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर स्मृतीत असलेला पण डिस्कवर न पोहोचलेला भाग हरवतो. आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: दुसऱ्या संगणकावरून शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल पुसली, की ती सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीशी होते. ज्यांना लिहिण्याची परवानगी आहे, त्यांना बहुधा पुसण्याचीही असते, हे ध्यानात घेऊनच ती द्यावी. शेअर केलेले फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतली घरे उघडी पाडली, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले. अशा वेळी एकाच छपराखालच्या दोन प्रतीही पुरत नाहीत. एक प्रत बाह्य डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे ठेवावी आणि दर हंगामात नवी करावी.

काय काय शेअर केले आहे, याचा विसर पडणे स्वाभाविक आहे. विंडोजच्या ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ हा विभाग असतो. तिथे शेअर केलेली फोल्डरे, या क्षणी जोडलेली खाती आणि उघडलेल्या फायली अशा तीन याद्या मिळतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह आहे ती सहसा प्रशासकीय कामासाठी विंडोजने स्वतः तयार केलेली असतात. त्यांना हात लावू नये. उरलेल्यांतल्या ज्याचे काम संपले आहे, त्यावर ‘स्टॉप शेअरिंग’ करावे. त्याने फक्त जाळ्यावरची वाट बंद होते, आतल्या फायली होत्या तिथेच राहतात.