फिलिपिनो साहित्य

फिलिपिनो साहित्य म्हटलं की लोकांना वाटतं टागालोग भाषेतलं साहित्य, पण फिलिपिन्समधे शंभराच्या वर भाषा आहेत आणि तिथल्या लेखकांनी टागालोग, इलोकानो, सेबुआनोबरोबरच स्पॅनिश आणि इंग्लिशमधेही भरपूर लिहिलंय. राज्यकर्ते बदलले की शिकायची भाषा बदलायची, आणि मग त्याच भाषेत त्यांचे वाभाडेही निघायचे.

तारीख असलेला तिथला सगळ्यात जुना लेख म्हणजे लगुना ताम्रपट. त्यावर शके 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार असं लिहिलंय, म्हणजे इ.स. 900. मराठी माणसाला हे वाचताना घरचं पंचांग उघडल्यासारखं वाटतं. मजकूर मात्र कर्ज माफ झाल्याचा, त्यामुळे साहित्य म्हणायला जरा जड जातं! खरं साहित्य तोंडी होतं: कोडी, म्हणी आणि लांबलचक महाकाव्यं. इफुगाव लोकांचं हुडहुड भाताच्या कापणीच्या वेळी गातात, मारानाव लोकांचं दारांगेन आहे, आणि त्यांच्याचकडे रावणाची 'महाराडिया लावाना' ही कथापण आहे.

1565 पासून स्पॅनिश सत्ता आली. 1593 मधे मनिलात छापलेलं 'डॉक्ट्रिना क्रिस्तियाना' हे ख्रिस्ती शिकवणीचं पुस्तक स्पॅनिश आणि टागालोगमधे होतं, टागालोग मजकूर रोमन आणि तिथल्या जुन्या बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत. पुढे बराच काळ छापलं जायचं ते मुख्यतः धार्मिकच. 1838 मधे फ्रान्सिस्को बालागतासचं 'फ्लोरांते आत लाउरा' हे दीर्घकाव्य आलं, कथा घडते अल्बानियात पण तिथला जुलूम वाचताना लोकांना आपलाच देश दिसायचा.

होसे रिझालने तो पडदापण ठेवला नाही. पेशाने डोळ्यांचा डॉक्टर, 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी त्याने 1887 मधे बर्लिनला मित्राकडून पैसे घेऊन छापली, स्पॅनिशमधेच, आणि पाद्र्यांना त्यात असं सोललं की पुस्तकावर बंदी आली. 30 डिसेंबर 1896 ला त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या आदल्या दिवशी बहिणीला एक छोटा स्पिरिटचा स्टोव्ह देताना तो हळूच इंग्लिशमधे म्हणाला, आत काहीतरी आहे, कारण पहारेकऱ्यांना इंग्लिश कळत नव्हतं. आत त्याची शेवटची कविता होती. 1956 च्या कायद्याने त्याच्या कादंबऱ्या अभ्यासक्रमात सक्तीच्या झाल्या, चर्चचा विरोध असूनसुद्धा.

अमेरिकन आले आणि शाळांमधून इंग्लिश आली. पाझ मार्केझ बेनितेझची 'डेड स्टार्स' (1925) ही तिथली पहिली आधुनिक इंग्लिश कथा मानतात. टागालोगही थांबलं नव्हतं, 1924 मधे बालागतासच्या नावाने 'बालागतासान' सुरू झालं, म्हणजे दोन कवींनी स्टेजवर पद्यातच वाद घालायचा.

1972 मधे राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ लावला. पुढच्याच वर्षी 'फोकस' मासिकात टोपणनावाने एक इंग्लिश कविता छापून आली. ओळींची पहिली अक्षरं उभी वाचली तर 'मार्कोस हिटलर डिक्तादोर तुता' असं निघायचं. तुता म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, अर्थात दुसऱ्याच्या तालावर नाचणारा. कवी होता होसे लाकाबा.

सध्या तिथली पोरं वॉटपॅड या कथा लिहायच्या-वाचायच्या साइटवर टॅगलिशमधे, म्हणजे टागालोग आणि इंग्लिशच्या खिचडीत प्रेमकथा लिहितात, त्यातल्या काहींची पुस्तकं आणि सिनेमेपण निघालेत.