हॉप्सच्या वेलाचं घड्याळ

फोंड्याला ताईच्या घरी भाच्याने गेल्या ऑक्टोबरात हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलाची, दोन रोपं लावली. ओळखीच्या ओळखीने हिमाचलातून आलेल्या एकाच मुळाचे ते दोन तुकडे. म्हणजे रोपं दोन, पण झाड एकच. एक पिशवी पुढच्या अंगणात रस्त्याच्या बाजूला ठेवली, दुसरी मागच्या दारी विहिरीजवळ. माती तीच, शेणखत तेच, पाणी घालणारा हातही तोच. नाताळपर्यंत मागचा वेल कमरेएवढा झाला, तिथेच थांबला आणि त्याला इवल्या हिरव्या फुलांचे झुबके आले. पुढचा मात्र सुंभाला विळखे घालत थेट गॅलरीत पोचला, पण फुलाचं नाव नाही. आईने निदान करून टाकलं, "रस्त्यावर आहे ना तो, दृष्ट लागली त्याला."

दृष्ट नव्हे, पण रस्त्याबद्दल आईचा अंदाज बरोबर होता. ते मला कळायला तीन फेऱ्या लागल्या, कारण पहिल्या दोन वेळा मी दिवसाउजेडी जाऊन आलो होतो.

आधी या वेलाची ओळख. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध फर्मानाने बिअरमध्ये तीनच जिन्नस मान्य केले : पाणी, जव आणि हॉप्स. बिअर आंबवणाऱ्या यीस्टचं त्यात नावही नाही. हॉप्स म्हणजे ह्युम्युलस लुप्युलस या वेलाची फुलं. वेल भांगेच्या कुळातला, पण भांगेची नशा त्यात नाही. भांगेप्रमाणेच यातही नर वेगळा, मादी वेगळी. बिअरला हवी ती मादी. तिच्या फुलांचे पाकळ्यापाकळ्यांचे शंकू होतात. (त्यांना बोंडं म्हणायचा मोह होतो, पण गोव्यात बोंड म्हटलं की काजूचंच.) शंकू उकलला की पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी, चिकट पूड दिसते. ती लुप्युलिन. बिअरचा कडवटपणा आणि वास या पुडीत असतो, बाकीचा शंकू म्हणजे नुसता पाला.

वेलाची चढायची तऱ्हाही बघण्यासारखी आहे. काळी मिरी खोडाला मुळं चिकटवून वर जाते, काकडी तणावे फेकते. हॉप्सकडे यातलं काहीच नाही. सगळं खोडच आधाराभोवती फिरतं आणि खोडावरचे आकड्यांसारखे राठ केस सुंभात रुततात. फिरण्याची दिशाही ठरलेली. वरून पाहिलं तर हॉप्स घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, म्हणजे चक्क प्रदक्षिणा घालतो. घेवड्याचा वेल याच्या उलट. भाच्याने पहिल्या आठवड्यात हौसेने वेल उलटा गुंडाळून दिला होता, दुसऱ्या दिवशी तो सुटून खाली लोंबत होता. आधाराला प्लास्टिकची दोरी नको, हात धरायला खरखरीत काहीतरी हवं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातले हॉप्सवाले श्रीलंकेहून नारळाच्या काथ्याची दोरी मागवतात. आपल्याकडे ती दारातच आहे.

आता घड्याळाकडे. १९२० साली अमेरिकी शेतीखात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलर्ड या दोघांनी एक कोडं सोडवलं. तंबाखूची एक जात उन्हाळाभर नुसती वाढत राहायची, फुलायचीच नाही. त्यांनी खत बदलून पाहिलं, तापमान बदलून पाहिलं. शेवटी झाडं दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवायला सुरुवात केली, तेव्हा ती फुलली. झाड दिवसाची लांबी मोजत होतं. पुढे कळलं की ते खरं तर रात्र मोजतं. पानांत फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. लाल प्रकाश पडला की ते एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू परततं. रात्र पुरेशी लांब असेल तर फुलण्याचा निरोप पानांतून शेंड्याकडे निघतो. मध्येच उजेड पडला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शेवंती अशीच. म्हणून तर हरितगृहात रात्री दिवे लावून शेवंतीचा बहर सणापर्यंत थोपवून धरतात. आपल्या जुन्या भातजातींतल्या अनेकींनाही पेरणी पुढेमागे झाली तरी फुलायची वेळ नेमकी कळते, ती याच घड्याळामुळे.

हॉप्स त्याच पंथातला. जर्मनीतल्या हालरटाऊ या हॉप्सच्या मुलखात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १६ तासांचा असतो. वसंतात वेल जमिनीतून वर येतो तेव्हा दिवस मोठे होत असतात, आणि वेल त्यांच्याबरोबर धावतो. ऐन भरात दिवसाला वीतभर वाढतो, सहासात मीटरच्या तारेपर्यंत जातो. जून संपला, दिवस आखडू लागले की धावणं थांबतं, बाजूच्या फांद्यांवर फुलं येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तोडणी. आधी उंची, मग फुलं, असा हा हिशेब ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात बरोबर जमतो.

गोवा सुमारे १५ अंशांवर. आपला सर्वांत मोठा दिवस १३ तासांच्या आसपास, सर्वांत लहान सव्वाअकरा. हॉप्सच्या हिशेबाने इथे बारा महिने शरद ऋतूच आहे. जमिनीतून डोकं वर काढतो तोच त्याला "उशीर झाला, फुला आता" असा निरोप मिळतो. ठरावीक पेरं झाली की वेल वाढ सोडतो आणि कमरेएवढ्या उंचीवर मूठभर फुलं देऊन मोकळा होतो. मागच्या दारच्या वेलाचं नेमकं हेच झालं होतं.

तिसऱ्या खेपेला मी रात्री मुक्काम केला. जेवून गॅलरीत आलो तर पुढच्या वेलावर खांबावरच्या एलईडी दिव्याचा पांढरा झोत. संध्याकाळी सातपासून उजाडेपर्यंत. त्या वेलाला ऑक्टोबरपासून रात्र अशी मिळालीच नव्हती. त्याच्या लेखी तो जूनमधल्या जर्मनीत होता. अशा दिव्याचा उजेड उन्हाच्या मानाने नगण्य, त्यावर अन्न तयार होणार नाही. पण फायटोक्रोमला अन्न नको असतं, खबर हवी असते, आणि खबरीला तेवढा उजेड पुरतो. महामार्गाच्या दिव्यांखालचं सोयाबीन बाकी शेत पिवळं पडल्यावरही हिरवंगार राहतं, त्याचं कारणही हेच.

हॉप्सला थंडी लागते, म्हणून गोव्यात तो येणार नाही, असं पुष्कळजण सांगतात. भाच्यालाही कोणीतरी मुळं दोन महिने फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं होतं. ताईने फ्रीजमध्ये जागा दिली नाही ते बरंच झालं. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातल्या विल्यम बावरले यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत थंडीची झोप न घेताही हॉप्स फुलला. फुलायला लागते ती ठरावीक पेरांइतकी वाढ आणि मग योग्य लांबीचा दिवस. फ्लोरिडात संशोधकांनी याच तत्त्वावर शेतात दिवे लावून वर्षात दोन पिकं घेतली आहेत. भारतात हॉप्सचं नाव लाहौलशी जोडलेलं आहे. तिथे उन्हाळी दिवस सव्वाचौदा तासांच्या आसपास असतो, हवाही कोरडी. (२०२१ मध्ये बिहारच्या शेतात लाख रुपये किलोचे हॉप्सचे कोंब पिकल्याची बातमी देशभर फिरली होती. पत्रकार प्रत्यक्ष गेले तेव्हा शेतात हॉप्स नव्हतेच.)

थंडीचं जाऊ द्या, आपला खरा वैरी पाऊस. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि दमट हवा यांत पानांवर केवडा आणि भुरी हे दोन्ही बुरशीरोग येणारच. म्हणून गोव्यातला हंगाम उलटा धरावा, असं माझं मत. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात लावणी. पन्नासेक लिटरची पिशवी, खाली निचरा. जांभ्याची माती आम्ल, तेव्हा थोडा चुना. वेलाशेजारी दहा वॅटचे दोन साधे एलईडी बल्ब, दिवेलागणीपासून रात्री साडेअकरापर्यंत, म्हणजे दिवस झाला १७ तासांचा. वेल चारपाच मीटर झाला की जानेवारीत दिवे बंद. बाहेर तेव्हा खरोखरच साडेअकरा तासांचा दिवस असतो. दोनतीन आठवड्यांत फुलं, पुढे दीडदोन महिन्यांत शंकू, आणि सगळं आटोपतं पाऊस यायच्या आत. कोरड्या महिन्यांत लाल कोळी पानाखाली जाळी विणतो, तेव्हा पानं उलटी करून बघत राहायचं. आईचा मात्र दिव्यांना विरोध आहे. "तुळशीला घटकाभर पणती, आणि ह्या दारूच्या वेलाला पाच तास बल्ब?"

'दारूचा वेल' हे बाकी खरं नाही. गोव्याने शेकडो वर्षं हॉप्सवाचून उत्तम मद्य बनवलं. काजूचा रस आंबला की तो भाटीवर चढतो. पहिल्या धारेची हुर्राक, पुढे फेणी. ऊर्ध्वपातनाने मद्यार्क इतका वाढतो की जंतूंची टाप नाही. बिअर पडली पाच टक्क्यांची, ती नासते. हॉप्समधली आम्लं लॅक्टोबॅसिलससारख्या जंतूंच्या पेशीपटलाला निकामी करतात, म्हणून हॉप्स घातलेली बिअर टिकते. बाराव्या शतकात बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जर्मन साध्वीनेही हॉप्सच्या या टिकवण्याच्या गुणाची नोंद करून ठेवली आहे. पुढे इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने प्रवास करत हिंदुस्थानात येणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स सढळ हाताने घालत, त्याचंही कारण तेच.

कडूपणाचं रसायन स्वयंपाकघरातलंच आहे. लुप्युलिनमधली अल्फा आम्लं पाण्यात फारशी विरघळत नाहीत आणि तशी विशेष कडूही नसतात. तासभर उकळली की त्यांच्या रेणूची रचना बदलते. ती झाली आयसो-अल्फा आम्लं. तीच कडू, फेस धरून ठेवणारीही तीच. पण तासभर उकळताना वास उडून जातो, आणि वासाची तेलं तर मौल्यवान : मायर्सिन, जे काही आंब्यांतही असतं, कॅरिओफिलीन, जे कुळागरातल्या काळ्या मिरीत आणि लवंगेत असतं. म्हणून हॉप्स दोनदा घालतात, एकदा सुरुवातीला कडूसाठी, एकदा आच बंद करताना वासासाठी. तमालपत्र फोडणीत आणि कोथिंबीर उतरवताना, तसंच.

आयसो-अल्फाचा आणखी एक नखरा. उन्हात ते फुटतं आणि गंधकाचा एक कुबट वासाचा थायॉल तयार होतो, तोही काही मिनिटांत. समुद्रकाठच्या शॅकवर पारदर्शक बाटली उन्हात ठेवून "बिअर खराब निघाली" म्हणणाऱ्यांनी आधी आपली खुर्ची सावलीत घ्यावी. बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी.

थोडं गणित. लिटरमागे २५ मिलिग्रॅम आयसो-अल्फा म्हणजे मध्यम कडू बिअर. वीस लिटरला अर्धा ग्रॅम. उकळताना अल्फाचा जेमतेम चौथा भाग कामी येतो, म्हणजे अल्फा हवं २ ग्रॅम. चार टक्के अल्फा असलेली जात असेल तर वाळलेले हॉप्स लागतील ५० ग्रॅम. मागच्या वेलाचे शंकू भाच्याने मोजले : एकतीस. वाळल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५ ग्रॅम. शिवाय घरच्या शंकूंत अल्फा किती टक्के, हे प्रयोगशाळेवाचून कळत नाही. तेव्हा कडूपणा विकतच्या हॉप्सवर सोपवावा आणि घरचे शंकू शेवटी वासाला घालावेत. ओले घातले तर पाचपट, तेही तोडल्यादिवशीच. वाळवायचे तर सोलांसारखे उन्हात नकोत, सावलीत पंख्याखाली जाळीवर. आणि उकळून उरलेला चोथा कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. कुत्र्यांना हॉप्सने जिवावर बेतणारा ताप चढतो.

वेल लावायला परवाना लागत नाही. बिअर बनवायची म्हटली की अबकारी खात्याचे नियम येतात, ते आधी विचारून घ्यावेत. भाचा सध्या पाच ग्रॅमांवर आहे, तेव्हा घाई नाही.

पुढच्या वेलाचं काय झालं ते राहिलंच. खांबावरचा दिवा काही आपल्या हातात नाही, आणि गॅलरीपर्यंत गेलेला वेल सोडवून मागे नेणं अशक्य. भाच्याने रात्री त्यावर गोणपाट टाकून पाहिलं, शेंडे मोडले. फेब्रुवारीत एका रात्री तो दिवा आपोआप गेला. शिगम्याच्या सुमारास गॅलरीच्या कठड्याला, बाजूच्या प्रत्येक फांदीवर हिरवे झुबके दिसायला लागले. अंधारात दोनदा ठेच लागल्यावर ताईने तक्रारीचा अर्ज लिहून ठेवला. तो अर्ज गेले पाच आठवडे भाच्याच्या स्कूटरच्या डिकीत आहे.