अळंबी शोधायला निघताना कागद विसरू नका

परवा पुन्हा तो मेसेज आला, जंगली अळंबी शिजवताना भांड्यात चांदीचा चमचा टाका, काळा पडला तर विषारी, नाहीतर खुशाल खा. अहो, चांदी काळी पडते गंधकाच्या संयुगांनी, उकडलेल्या अंड्यानेही पडते, मग अंडं विषारी का? आणि डेथ कॅप या जीवघेण्या अळंबीतल्या अमाटॉक्सिन विषाने चमच्याला काहीच होत नाही. शिजवून, वाळवून ते विष जात नाही, वर खाल्ल्यावर पहिले सहा-बारा तास माणूस ठणठणीत, मग उलट्या-जुलाब, मग जरा बरं वाटतं आणि तोपर्यंत लिव्हरची वाट लागलेली असते.

असो. न्यायचं काय? टोपली (प्लास्टिकच्या पिशवीत घामेजून लगदा होतो), कागदी पिशव्या, दहापट दाखवणारं भिंग, छोटा ब्रश आणि चाकू. चाकू हातात आला की लोक देठ वरच्यावर कापतात आणि तिथेच घोळ होतो, कारण डेथ कॅपची मोठी खूण बहुतेकदा मातीत दडलेली असते, देठाच्या बुडाशी फाटक्या पिशवीसारखं आवरण. म्हणून चाकू बाजूने खोल घालून अख्खं अळंबं उचलायचं. ओळख सांगणाऱ्या ॲपचंही तेच, फोटोत जे आलंच नाही ते त्याला कुठून दिसणार.

आता माझा लाडका कागद. टोपी कापून तिच्या खालच्या पापुद्र्यांची बाजू खाली करून त्यावर ठेवायची, वर वाटी पालथी, रात्रभर. सकाळी बीजाणूंची, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या सूक्ष्म कणांची, रांगोळी उमटते, तीच स्पोअर प्रिंट. मी पहिल्यांदा केलं तेव्हा कागद कोरा, वैतागून फेकणारच होतो, सहज दिव्यासमोर तिरपा धरला तर पांढऱ्यावर पांढऱ्या रेघा! तेव्हापासून अर्धा कागद काळा घेतो. डेथ कॅपचे बीजाणू पांढरे, आणि तशीच बुडाशी पिशवी असलेल्या, खाण्याच्या पॅडी स्ट्रॉ मशरूमचे गुलाबी. पण न उघडलेल्या कोवळ्या अळंब्याची प्रिंटच मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच ही दोन्ही हुबेहूब दिसतात, त्यामुळे नुसत्या प्रिंटवर खायचं ठरवू नका.

बरं, हे बीजाणू नुसते गळत नाहीत, उडवले जातात! प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी हवेतली वाफ जमून एक थेंब तयार होतो, रेजिनाल्ड बुलर या शास्त्रज्ञावरून त्याला बुलरचा थेंब म्हणतात. थेंबाच्या शेजारीच, त्याच बीजाणूच्या अंगावर पाण्याचा पातळ थर असतो. थेंब फुगत फुगत त्या थराला टेकला की पृष्ठताणामुळे एका झटक्यात अंगभर पसरतो, थेंबाचं वजन अचानक सरकतं आणि त्या हिसक्याने बीजाणू सुटतो. त्वरण किती, तर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट. पण जातो मिलिमीटरचा काही अंशच, कारण एवढ्याशा कणाला हवासुद्धा मधासारखी दाट लागते. आणि तेवढंच हवं असतं, जास्त गेला तर समोरच्या पापुद्र्याला चिकटेल. तो फटीच्या मध्यावर थबकतो आणि सरळ खाली पडतो, म्हणून प्रिंटमधल्या रेघा म्हणजे पापुद्र्यांमधल्या फटी.

वाटी पालथी का घालायची तेही यातच आलं, आतली हवा दमट राहिली तरच थेंब बनणार आणि वारा नसला तरच बीजाणू सरळ पडणार. टोपी सुकलेली असली तर मात्र कागद खरोखरच कोरा राहतो, कितीही तिरपा धरा.