इंजिन बंद पडल्यावर पंखा कोण फिरवतं?

"विमान निदान तरंगत तरी उतरतं हो. हेलिकॉप्टर बंद पडलं की दगडच ना?" गेल्या महिन्यात एका आईने मला हे विचारलं. मुलगा बारावी सायन्सला, पायलट व्हायचंय, त्यातही हेलिकॉप्टरचा. आमचा क्लास पार्ल्यात, जुहूची धावपट्टी जवळच. बोलणं चालू असतानाच डोक्यावरून एक हेलिकॉप्टर गेलं. त्यांनी वर पाहिलं आणि मुलाचा हात घट्ट धरला.

मी या मुलांना टेक्निकल जनरल, म्हणजे विमान-हेलिकॉप्टर कसं उडतं आणि चालतं, तो विषय शिकवते. कमर्शियल लायसन्ससाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षा असतात: नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, टेक्निकल. प्रत्येकात 70 टक्के हवेत. रेडिओवर बोलण्याची आरटीआर परीक्षा वेगळी, मेडिकल वेगळं आणि विमानाच्या लायसन्सला 200 तासांचं उड्डाण. लोकांना वाटतं की खरं शिक्षण त्या 200 तासांत होतं आणि पुस्तकं फक्त पास होण्यापुरती. मुलंही तसंच धरून चालतात. प्रश्नसंच पाठ करतात आणि "ड्रायव्हिंग रीजन: 25 ते 70 टक्के" असं धडाधड सांगतात. तो रीजन नेमका कशाला 'ड्राइव्ह' करतो, हे विचारलं की वर्ग गप्प.

त्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर त्याच ओळीत आहे.

आधी विमानाचं बघू. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते एकाच इंजिनाच्या पुस मॉथमधून. इंजिन थांबलं तरी विमान नाक किंचित खाली करून घसरगुंडीसारखं पुढे सरकत राहतं. पुढे जातंय म्हणजे पंखावरून वारा वाहतोय, आणि वारा वाहतोय तोवर लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, आहे. शिकाऊ पायलट ज्यावर हात बसवतात ते सेसना 172 अशा वेळी 1 किलोमीटर खाली येईपर्यंत साधारण 9 किलोमीटर पुढे जातं.

हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे त्याच्या रोटरची पाती. म्हणून प्रश्न एवढाच उरतो, की इंजिन गेल्यावर ती फिरती कशी राहतात?

पहिलं उत्तर तुमच्या सायकलमध्ये आहे. उतारावर पाय थांबवले तरी चाक फिरतच राहतं, कारण मागे फ्रीव्हील असतं. हेलिकॉप्टरच्या इंजिन आणि रोटरच्या मध्येही तसंच फ्रीव्हील बसवलेलं असतं. इंजिन मेलं तरी ते रोटरला ब्रेक लावत नाही, आपोआप सुटं होतं. पण पात्यांवर हवेचा रोध असतोच, तो काही सेकंदांत रोटर मंद करतो. म्हणून पायलटचा डावा हात ज्या दांड्यावर असतो तो, म्हणजे कलेक्टिव्ह, ताबडतोब खाली गेला पाहिजे. त्याने सगळ्या पात्यांचा तिरकेपणा एकदम कमी होतो. हलक्या रोटरच्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये यासाठी एक-दोन सेकंदच मिळतात.

आता हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं आणि खरी गंमत सुरू होते. एरवी रोटर वरची हवा ओढून खाली ढकलतो. आता हवा खालून वर, पात्यांमधून जाऊ लागते. एका पात्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. फिरण्यामुळे वारा समोरून लागतोय, खाली येण्यामुळे पायांखालून. दोन्ही मिळून वारा किंचित खालून, तिरका येतो. लिफ्ट नेहमी वाऱ्याला काटकोनात असते. वारा तिरका झाला की लिफ्टही सरळ वर न राहता जराशी पुढे कलते, आणि हा पुढचा झोक पात्याला फिरण्याच्याच दिशेने ओढतो.

शाळेतलं त्रिकोणमिती इथे पुरतं. सोपं जावं म्हणून हेलिकॉप्टरचा पुढचा वेग बाजूला ठेवते. समजा पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 200 मीटर आणि खाली येण्याचा 9 मीटर. टोकापाशी वाऱ्याचा तिरकेपणा जेमतेम अडीच अंश. झोक इतका कमी, की रोध जिंकतो आणि टोकाचा भाग वेग खातो. पात्याच्या मध्यावर वेग 100 मीटर, तिरकेपणा पाच अंश. इथे झोक रोधावर मात करतो. अगदी आत, आसाजवळ, वेग 20 मीटर आणि तिरकेपणा 24 अंश. साधारण 15 अंशांच्या पुढे हवा पात्याला धरून राहत नाही, तो भाग स्टॉल होतो. म्हणजे एकाच पात्याचा मधला भाग कमावतो, टोक खर्च करतं आणि आतला भाग निकामी असतो. पाठ केलेले ते 25 ते 70 टक्के म्हणजे आसापासून मोजलेल्या पात्याच्या लांबीतला हा कमावणारा भाग.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो पुढचा भाग. रोटर जरा जास्त वेगाने फिरू लागला, तर वाऱ्याचा तिरकेपणा सगळीकडे कमी होतो, खर्च करणारा भाग वाढतो आणि वेग उतरतो. मंदावला, तर उलट. त्यामुळे रोटर बराचसा स्वतःच स्वतःला सावरतो. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात.

ऊर्जा येते उंचीतून. 600 किलोचं हेलिकॉप्टर सेकंदाला 9 मीटर खाली येत असेल, तर 600 गुणिले 9.8 गुणिले 9, म्हणजे सुमारे 53 किलोवॅट. ही झाली सत्तरेक अश्वशक्ती, एका छोट्या मोटारीच्या इंजिनाएवढी. ती निव्वळ खाली येण्यातून मिळते.

जमीन जवळ आली की पायलट सायक्लिक, म्हणजे उजव्या हातातला दांडा, मागे ओढून नाक वर करतो. पुढचा वेग मोडतो, त्यातली ऊर्जा रोटरमध्ये जाते. मग अगदी शेवटी कलेक्टिव्ह वर. पात्यांत साठलेली ही शिल्लक एकदाच वापरता येते. लवकर वापरली तर हेलिकॉप्टर उंचावरून आदळतं, उशीर झाला तर वेगात.

इथे एक मनातलं बोलते. 2015 च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतात विमानं होती, असं सांगणारं व्याख्यान झालं. ज्या 'वैमानिक शास्त्र' संहितेचा आधार दिला जातो, ती बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधकांनी 1974 सालीच तपासली होती. ती विसाव्या शतकातली असल्याचं आणि त्यातली विमानं उडूच शकत नसल्याचं त्यांनी दाखवून दिलं. अजून दर वर्षी एखादा विद्यार्थी अभिमानाने तो विषय काढतो. मी त्याला फळ्याजवळ बोलावते आणि बलांची आकृती काढायला सांगते. "बारा महिन्यांत पायलट, नोकरी हमखास" अशा जाहिराती घेऊन येणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं: नुसतं मानू नका, आधी तपासून बघा.

त्या आईंना मी आकृती काढून दाखवली नाही. कागदाची एक पट्टी घेतली, अर्ध्यापर्यंत चिरली, दोन पाती विरुद्ध बाजूंना दुमडली, खाली यू-पिन लावली आणि मुलाला तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडायला सांगितली. पट्टी आधी हातभर सरळ पडली, मग गरगर फिरू लागली आणि सावकाश खाली उतरली.

"तो पहिला हातभर?" मुलाने विचारलं.

प्रश्न अचूक होता. वेग नाही आणि उंचीही फारशी नाही, अशा स्थितीत ऑटोरोटेशन जमून यायला अवधीच मिळत नाही. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या मॅन्युअलमध्ये उंची आणि वेगाचा एक आलेख असतो, त्यातला हा टापू टाळायचा असतो. शंभर फुटांवर स्थिर तरंगणाऱ्यापेक्षा हजार फुटांवरून वेगात जाणाऱ्याच्या हाती जास्त पर्याय असतात. जुहूहून समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय या तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरना दोन इंजिनं असतात, पाण्यावर उतरण्यासाठी फुगणारे फ्लोट्स असतात. तरीही त्यांचे पायलट ऑटोरोटेशन शिकलेले असतात.

मुलगा जिना उतरून पट्टी घेऊन आला. दुसऱ्यांदा सोडताना त्याने पाती थोडी जास्त दुमडली होती.