पांढरे ठिपके की सोनेरी थर: ‘इच’ आणि ‘व्हेल्वेट’ यांतला फरक

मासा टाकीतल्या दगडांवर अंग घासू लागला, पर मिटून एका जागी थांबू लागला आणि त्याच्या कल्ल्यांची उघडझाप वाढली, की बहुतेक जण दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणून पाण्यात ओततात. परंतु ही लक्षणे गोड्या पाण्यातल्या दोन अगदी वेगळ्या परजीवींमुळे दिसू शकतात आणि त्यांपैकी एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर पुरेसा ठरत नाही.

पहिला परजीवी म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडवणारा ‘इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस’, म्हणजेच हौशी मंडळींचा ‘इच’. हा केसलधारी, म्हणजे अंगभर सूक्ष्म केस असलेला, एकपेशीय जीव माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली वाढतो आणि पूर्ण वाढल्यावर सुमारे एक मिलिमीटरपर्यंत पोचतो, त्यामुळे रव्याच्या कणांसारखे ठिपके नुसत्या डोळ्यांनी एकेक करून मोजता येतात. दुसरा परजीवी म्हणजे ‘व्हेल्वेट’ घडवणारा ‘पिसिनूडिनियम’. हा द्विकशाभिक, म्हणजे चाबकासारखे दोन तंतू असलेल्या एकपेशीय जीवांच्या वर्गातला असून त्याच्या पेशीत हरितलवके असतात. त्याचा आकार साधारण एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही लहान असल्यामुळे वेगळे ठिपके दिसत नाहीत, तर अंगावर पिवळसर सोनेरी थर चढल्याचा भास होतो. तोही टाकीच्या नेहमीच्या दिव्याखाली सहज निसटतो. खोलीत अंधार करून माशाच्या अंगावर तिरका टॉर्च मारला, तर तो चटकन कळतो, आणि माझ्या मते औषध आणण्यापूर्वी ही तपासणी प्रत्येकाने करावीच. सूक्ष्मदर्शक उपलब्ध असेल, तर त्वचेवरील चिकट स्रावाचा नमुना पाहून प्रश्नच मिटतो: इच संथपणे गोल फिरताना दिसतो आणि त्याचे केंद्रक घोड्याच्या नालेच्या आकाराचे असते, तर व्हेल्वेटचा परजीवी तपकिरी, लांबट गोल आणि निश्चल असतो. (विणीच्या काळात गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे टिंब येतात, तो रोग नव्हे.)

दोघांच्या जीवनचक्राचा आराखडा मात्र सारखा आहे. माशावर पोसलेला परजीवी गळून तळाशी जातो, कवचात विभागतो आणि त्यातून बाहेर पडलेली असंख्य पिल्ले नवा मासा शोधत पोहू लागतात. औषधाचा मारा लागतो तो या पोहणाऱ्या अवस्थेला. त्वचेखाली दडलेल्या इचला तर तो जवळजवळ लागतच नाही. म्हणूनच ठिपके गळाले म्हणजे मासा बरा झाला असे समजून उपचार थांबवणे ही सर्वात महागात पडणारी घाई आहे. सुमारे २५ अंश सेल्सियसला इचचे चक्र चार ते सहा दिवसांत पूर्ण होते, थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. व्हेल्वेटचे चक्र त्याच तापमानात दहा ते चौदा दिवसांचे असते.

उपचारांचा फरक इथून सुरू होतो. इचसाठी हीटरने पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेऊन सुमारे दहा दिवस तिथेच ठेवले, तर त्याची वाढ सहसा खुंटते. सोबत लिटरमागे एक ते दोन ग्रॅम मीठ, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीत १०० ते २०० ग्रॅम, थोडे थोडे विरघळवून घालता येते आणि तळाची खडी रोज सायफनने साफ केल्यास कवचेही निघून जातात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप वाढवावा लागतो. थंड पाण्यातल्या गोल्डफिशला हा उष्णतेचा उपाय करू नये. मॅलाकाइट ग्रीन हे औषध वापरायचे असेल, तर लोच आणि कॅटफिश यांसारख्या खवले नसलेल्या किंवा अगदी बारीक असलेल्या माशांसाठी मात्रा निम्मी ठेवतात.

व्हेल्वेटवर नुसत्या उष्णतेचा भरवसा धरू नये, कारण तिने त्याचे चक्र वेगाने फिरते आणि आधीच जखमी झालेल्या कल्ल्यांना प्राणवायू आणखी कमी मिळतो. त्याच्यावर तांबे हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. पाण्यात तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम राखावे लागते. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचे मोरचूद म्हणजे याच तांब्याचे सल्फेट, पण ते अंदाजाने चिमूटभर टाकणे म्हणजे मासे मारणे होय: मृदू पाण्यात तांबे अधिक विषारी ठरते, आणि कोळंबी व गोगलगायी तर उपचाराच्या मात्रेतही जगत नाहीत. त्यामुळे आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवून, तांबे मोजणाऱ्या किटने रोज तपासणी करत उपचार करावा. परजीवी प्रकाशावरही अन्न तयार करत असल्याने टाकी कापडाने झाकून ठेवल्यास त्याचा जोर थोडा कमी होतो, मात्र एकट्या अंधाराने तो मरत नाही.

कोणतेही औषध घालण्यापूर्वी फिल्टरमधील सक्रिय कोळसा काढावा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. नवे मासे आणि माशांच्या टाकीतून आलेल्या वनस्पती तीन ते चार आठवडे वेगळ्या ठेवाव्यात; ही मुदत इचच्या वेगावर नव्हे, तर व्हेल्वेटच्या संथ चक्रावर बेतलेली आहे.