थेंब कुठेही असो, बल तेवढंच

शिकागो विद्यापीठात रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचा विद्यार्थी हार्वी फ्लेचर यांनी १९०९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजायला घेतला. उपकरणाचा गाभा म्हणजे पितळेच्या दोन आडव्या, समांतर तबकड्या. व्यास सुमारे २२ सेंटिमीटर, मधली फट जेमतेम १६ मिलिमीटर. वरच्या तबकडीला मधोमध बारीक भोक. फवारलेल्या तेलाचा एखादा थेंब त्यातून खाली उतरायचा आणि दुर्बिणीत ठिपक्यासारखा चमकायचा.

तबकड्यांना व्होल्टेज लावलं, की त्यांच्यावर विरुद्ध प्रभार जमतो आणि थेंबावरच्या प्रभारावर विद्युत बल लागतं. थेंब फटीत वर-खाली फिरतो. मग तो नेमका किती उंचीवर आहे, हे नको मोजायला? नको. तिथेच या तबकड्यांची खरी करामत आहे.

एकट्या प्रभारापासून दुप्पट लांब गेलं, की बल चौथ्या हिश्शावर येतं. प्रभार पसरलेल्या सपाट पत्र्याचा हिशेब वेगळा. अगदी जवळ असताना समोरचा प्रभार जोरात ओढतो. आजूबाजूच्या प्रभारांची ओढ मात्र जवळजवळ आडवी, त्यामुळे डावी-उजवीकडची परस्पर फिटते. थोडं लांब गेलं की प्रत्येकाची ओढ कमी होते, पण आता दूरच्या प्रभारांची ओढही सरळ लागू होते. घट आणि भर तंतोतंत जुळतात. समोर विरुद्ध प्रभाराची दुसरी तबकडी ठेवली, की फटीत एक ढकलते, दुसरी ओढते, विद्युत क्षेत्र (म्हणजे दर एकक प्रभारावरचं बल) दुप्पट. बाहेर दोघींचे परिणाम एकमेकांना खोडतात.

अर्थात हा हिशेब अमर्याद पत्र्याचा. खऱ्या तबकडीच्या कडेला बलरेषा बाहेर फुगतात. म्हणूनच व्यास फटीच्या जवळपास चौदापट, आणि भोक मधोमध.

आकडेमोडही सोपी: क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले अंतर. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या थेंबावर एकाच इलेक्ट्रॉनचा प्रभार असेल, तर त्याला अधांतरी धरायला मीटरला सुमारे २.३ लाख व्होल्टचं क्षेत्र लागतं. १६ मिलिमीटरच्या फटीत ते साधारण ३७०० व्होल्टला मिळतं. हवेत ठिणगी पडायला याच्या दहापटीहून जास्त क्षेत्र हवं, त्यामुळे तो धोका नाही.

हवेतला एखादा आयन (प्रभार असलेला कण) चिकटला, की थेंबाचा वेग एकदम बदलायचा. उंची तीच, व्होल्टेज तेच. म्हणजे बदलला तो प्रभारच. आणि बदल नेहमी एका ठरावीक मापाच्या पटीत.

१९१३ मध्ये मिलिकननी छापलेला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा आकडा आजच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक कमी आहे. त्यात तबकड्यांचा दोष नव्हता. हवेच्या चिकटपणाचा जो आकडा त्यांनी धरला, तोच किंचित कमी होता.