सरकारी उपचार, म्हणून ‘नाही’ म्हणायचं नाही?

सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: इथे उपचार फुकट, त्यामुळे विद्यार्थी तपासायला आले की गप्प पडून राहायचं. नाही म्हटलं तर डॉक्टर लक्ष देणार नाहीत.

हे खरं नाही. उपचारासाठीची तपासणी वेगळी, शिकण्यासाठीची वेगळी. दुसरीला तुमची परवानगी लागते आणि ती नाकारली म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असतील तर सोबत दुसरी स्त्री हवी, हा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत आहे.

याच समजुतीची दुसरी बाजू मला जास्त खटकते: पेशंट म्हणजे नुसती ‘केस’, शिकवायचं ते सरांनी. पोट तपासताना विद्यार्थ्याने हात आधी चोळून गरम करायचे असतात, नजर पोटावर नाही, पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवायची असते. कुठे दुखतं ते कपाळावरची आठी आधी सांगते. हा धडा कोण देतं? खाटेवरचा माणूसच. आणि बाळाला रात्री धाप कधी लागते, हे उशाशी जागलेल्या आईइतकं कुणाला ठाऊक असणार?

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्ता रीतसर शिकवतात. तेव्हा पुढच्या वेळी विद्यार्थी आला, तर आधी त्याचं नाव विचारा. पटलं तर हो म्हणा, आणि दुखलं तर तिथल्या तिथे सांगा.